उशिरा आलेले अप्पा

मुक्काम सोनपेठ,
माघ शुद्ध दशमी

शिवशरण मन्मथअप्पा, मुक्काम राणीसावरगाव, यांच्या चरणी महारुद्राचा भस्मांकित मस्तकाने शरणार्थ पोहोचावा. आपली प्रकृती, आपले गुडघे, शेतातला हरभरा आणि दुभती म्हैस ही चारही शिवकृपेने सुस्थितीत असावीत, अशी प्रार्थना मी नित्य पूजेनंतर करीत असतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. वस्तुतः गेले नऊ दिवस मला झोप नाही, अन्नाला चव नाही, आणि दारात मोटार थांबली की मी इष्टलिंग हाती घेऊन कोठीत जाऊन बसतो. कारण पुढे येईल. (धीर धरून वाचावे. मीही धीर धरूनच लिहितो आहे.)

चौदा वर्षांनी मेहुण्याचे अक्षर पाहून आपण पाकीट न फोडता तुळईवर ठेवून दिले नसेल, तर ते आपले मोठेपण समजतो. शिवनाम सप्ताहात चौथ्या दिवशी जे घडले, त्याची उजळणी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आपण वीणेचा पहारा घ्यायला उशिरा आलात, तोवर वीणा भुईला टेकली, आणि भरल्या मंडपात आपण ‘चुकलो’ म्हणून हात जोडून जी एस.टी. गाठलीत, ती आजतागायत परतलेली नाही. एवढेच काय ते घडले. आपली धाकटी बहीण, म्हणजे माझे कुटुंब मल्लम्मा, तेव्हापासून आपणांस राखी पोस्टाने धाडते आणि भाऊबीजेला पाटासमोर नुसता दिवा ओवाळते. मी ते सगळे केव्हाच उदार अंतःकरणाने विसरलो आहे. (किती उदार, ते ताज्या कलमांत पाहावे.)

गेल्या वैशाखात नातीच्या लिंगधारणेसाठी आम्ही उभयता विरेशकडे स्कॉटलंडला गेलो होतो, हे आपल्या कानी आले असेल. चिरंजीव तिथे ड्रमकिर्नी नावाच्या समुद्राकाठच्या लहानशा गावी पवनचक्क्यांची देखभाल करतो. गाव आपल्या सोनपेठहून लहान, माणसे गोदाकाठच्या माणसांसारखीच बोलकी. परंतु तिथे मला प्रत्येक गोष्टीचे भय वाटले. दैवी गुणांची गणना करताना शास्त्रकारांनी अभयाला अग्रस्थान दिले आहे. मी ती गणना पन्नास वर्षे पाठ म्हणतो. पहिला गुण गाळून बाकीचे साधतात काय, एवढेच आता पाहायचे राहिले आहे. विमानात मी डोळे मिटून पंचाक्षरीचा जप केला आणि मल्लम्मेने खिडकीतून ढग पाहिले. पहिल्याच आठवड्यात एका मिरवणुकीत एक मिशाळ, सहा फुटी पुरुष घागरा नेसून, काखेत कातडी पिशवी आणि खांद्यावर तीन नळ्या घेऊन माझ्या अंगावर चालून आला, आणि त्या पिशवीतून असा काही नाद उमटला की मी धर्मपत्नीच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, “अहो, बाजा हाय त्यो! आपल्या सनईवाल्यावानी. गाल बघा की कसं फुगलेत बिचाऱ्याचं.”

त्या गावी लोकसंगीताची बैठक मद्यालयात भरते. हे वाक्य लिहिताना मी जवळ भस्माचा करंडा ठेवला आहे. विरेश म्हणाला, बाबा, तिथं प्यायलाच पाहिजे असं काही नसतं, तुमच्यासाठी लिंबाचं गरम पाणी सांगतो. मी तीन बोटे भस्म कपाळी, तीन कंठी आणि (खबरदारी म्हणून) तीन उपरण्याला लावून आत गेलो. आत ना व्यासपीठ, ना सूत्रसंचालन. आठ-दहा माणसे एका मेजाभोवती कोंडाळे करून, आम्हां श्रोत्यांकडे खुशाल पाठ फिरवून बसलेली. ज्याला यायचे त्याने वाद्य घेऊन यावे आणि खुर्ची ओढावी. एक जण चाल सुरू करतो, बाकीचे तीत शिरतात, ती तीनदा वाजवून झाली की मुख्य वादक नुसती भुवई उचलतो आणि सगळे न बोलता दुसऱ्या चालीत उडी घेतात. मला त्या भुवईचे फार भय वाटले. आपल्या भजनात टाळकऱ्याला बदल कळावा म्हणून बुवा किती खाकरतात!

तिथे माझ्या शेजारी मोराग नावाची सत्तरीची बाई व्हायोलिन वाजवीत होती. मध्येच तिला कुणी येऊन सांगितले की तुझी मोटार दुसऱ्याच्या दारात आडवी उभी आहे. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिले आणि व्हायोलिन सरळ माझ्या हातांत देऊन ती बाहेर गेली. अप्पा, आपण जाणता, वाद्य हाती आल्यावर माझ्यासारख्याने काय करावे? मी उठून उभा राहिलो. विरेश म्हणाला, बाबा बसा, टेबलावर ठेवा. मेजावर! त्या पेल्यांच्या ओलीत! मी मान हलवली. मोरागबाईला बाहेर जुनी मैत्रीण भेटली. दहा मिनिटे झाली, वीस झाली, माझे गुडघे बोलू लागले, लोक खुणेने ‘बसा’ म्हणू लागले, आणि मी व्हायोलिन छातीशी धरून उभाच. हळूहळू गप्पा थांबल्या. वादकांनी वेगाच्या चाली सोडून संथ काही धरले. पाऊण तासाने ती परतली तेव्हा ते सगळे मद्यालय मंदिरासारखे शांत झाले होते. मी रीतीप्रमाणे तारांना मस्तक लावले, वाद्य तिच्या हाती दिले आणि पहारा घेणाऱ्याच्या पायांना हात लावण्यासाठी वाकलो. तिला वाटले, माझे काही पडले. तीही शोधायला वाकली. दोघांची डोकी अशी आपटली की ढोलकवाल्याने (त्यांचा ढोलक ताटासारखा चपटा असतो) दचकून एक थाप दिली.

मग विरेशने सर्वांना समजावले, की आमच्या गावी सप्ताहात वीणा सात दिवस अहोरात्र उभ्या माणसाच्या गळ्यात असते. दोन-दोन तासांचा पहारा. पुढचा माणूस येऊन हातात घेईपर्यंत ती भुईला टेकवायची नाही. त्या भाबड्या लोकांनी हे इतके मनावर घेतले, की पुढच्याच आठवड्यात त्यांच्या तीन दिवसांच्या उत्सवात सभागृहाच्या कोपऱ्यात तासातासाने एकेक माणूस व्हायोलिन धरून उभा राहिला. (घागरेवाला सर्वांत स्थिर होता.) पहिला मान मला दिला. तोपर्यंत माझी भीती जवळजवळ गेली होती. तेवढ्यात कुणी विचारले, तुमच्या गावी वीणा कधी खाली टेकलीच नाही काय? आणि माझ्या सत्यवचनी चिरंजिवाने, लहानपणापासून घरात जे ऐकले तेच सांगितले: एकदाच टेकली, अप्पामामांना यायला उशीर झाला होता.

सभागृहाने एकदम ‘अरेरे’ अशा अर्थाचा सुस्कारा टाकला. मोरागबाई स्वतः जन्मभर उशिरा पोहोचत आली आहे (लग्नालासुद्धा, म्हणे), त्यामुळे तिला मामा फारच जवळचा वाटला. तिने एकच प्रश्न केला: त्या मामाला पुढे कुणी क्षमा केली का? विरेशने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. मल्लम्मेने पदर डोळ्यांना लावला आणि मग पदराआडून माझ्याकडे जे पाहिले, ते पाहणे मला मुळीच आवडले नाही.

आणि आता भयाचे मूळ. त्या देशात माणसांवरून चालींना नावे देतात. मोरागबाईने एक चाल बांधली आहे आणि तिचे नाव ठेवले आहे ‘उशिरा आलेले अप्पा’. आरंभी सगळे एका लयीत चालतात आणि एकटे व्हायोलिन मागून, धापा टाकत, अर्धी मात्रा उशिरा येते; शेवटी ते सगळ्यांना गाठते. बाई म्हणते, तिथे अप्पा पोहोचतात. ही चाल आता चार गावांच्या मद्यालयांत वाजते. लहान मुलांना शिकवतात. हिवाळ्यातल्या स्पर्धेत तिला पहिले बक्षीस मिळाले. विरेश मोठ्या अभिमानाने ती दर रविवारी फोनवर धाडतो, मल्लम्मा ती स्वयंपाकघरात मोठ्याने लावते, आणि मी परसात जाऊन उभा राहतो. बोलले गेलेले वाक्य वाऱ्यावर विरून जाते, असे आजवर मानत आलो. वाक्याला ताल लाभला तर काय होते, याचा विचार कोणत्याही भाष्यकाराने केलेला नाही.

नऊ दिवसांपूर्वी विरेशचा फोन आला: मोरागबाई आणि सहा वादक आपला सप्ताह पाहायला येत आहेत. हैदराबादेपर्यंत विमानाने, परभणीपर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने, कारण लोकांत मिसळून प्रवास करण्याची त्यांना हौस आहे. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पोहोचतील. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता, ज्या जागी वीणा टेकली त्याच जागी उभे राहून, ती चाल त्यांना प्रत्यक्ष आपल्यापुढे वाजवायची आहे. त्या दिवशी आठवडी बाजार. सप्ताहाचे प्रमुख नागनाथ यांना मी विनवले की एवढा गाजावाजा नको. ते म्हणाले, “काका, भेता कशाला? चार कर्णे लावायलोत. मामाची कथा बी विरेशला मराठीतून सांगाय लावू. अख्ख्या बाजाराला कळू द्या!”

अख्ख्या बाजाराला, अप्पा.

विस्तारभयास्तव (आणि इतर भयांस्तव) येथेच थांबतो. वहिनींना शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

आपला
महारुद्र

ता. क. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी बारा वाजता मी वीणा गळ्यात घेणार आहे. दोन वाजता ती आपल्याखेरीज कुणाच्याही हाती देणार नाही. मग तीन वाजोत वा संध्याकाळ होवो. वय बहात्तर आहे आणि गुडघ्यांचे वर आलेच आहे. कृपा करून यावे.

ता. क. दुसरा. आपण उशिरा आला नव्हता. त्या दिवशी दीडच्या पुढे सगळे पंगतीला बसले होते. मंडपात मी, वीणा आणि एक पेंगणारा टाळकरी. खांबावरून एक थोराड वानर उतरले. त्याने नारळ नेला असता तर मी शिवार्पण म्हटले असते. त्याने वीणेचा लाल गोंडा धरला आणि माझ्याकडे पाहून दात दाखवले. मी वीणा गळ्यातून काढली, भुईवर ठेवली आणि नंदीमागे बसलो. त्याने एक तार छेडली, ती त्याला आवडली नसावी, तो गेला. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा एक चाळीस झाले होते. आपण नेहमी दहा मिनिटे आधी येता. येऊन विचाराल, वीणा खाली कशी? मी स्टुलावर चढून काटा फिरवला, दोन वीस केले, आणि टाळकऱ्याला उठवून ‘अप्पा आले नाहीत, मला उभे राहवेना’ म्हणत घड्याळ दाखवले. जेवून आलेल्या मंडळींना चाळीस मिनिटांचा पत्ता लागला नाही. आपण मनगटी घड्याळ सप्ताहाच्या नियमाने घरी ठेवून, गोदावरीत स्नान करून, ओल्या धोतराने आलात. आपण भिंतीकडे पाहिलेत, माझ्याकडे पाहिलेत, आणि हात जोडलेत. सायंकाळच्या आरतीपूर्वी मी काटा पूर्ववत केला. बाकी काही पूर्ववत करता आले नाही. हे त्या कर्ण्यावर सांगायचे मी ठरवले आहे. परंतु आपण माझा स्वभाव जाणता. ऐनवेळी मला वाचा फुटली नाही, तर हेच पत्र आपण मोठ्याने वाचून दाखवावे. त्यासाठीच अक्षर मोठे काढले आहे.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करण्यापूर्वी मल्लम्मेने पत्र मागून घेतले आणि सगळे वाचले. मी भिंतीला टेकून उभा होतो. ती म्हणाली, “त्या दिवशी घड्याळाखालचं स्टूल जागेवर ठिवायचं इसरला होता तुमी. म्याच ठिवलं.” मी म्हणालो, मग चौदा वर्षे बोलली का नाहीस? “तुमी बोलायची वाट बघायलते. पयल्याच राखीच्या पाकिटात दादाला लिवून टाकलं होतं की. दादा म्हनला, महारुद्र आपल्या तोंडानं सांगंस्तोवर मी येनार न्हाई, आन् तू बी त्येला इचारू नको.”

तेव्हा आपणांस सर्व ठाऊकच आहे. मोरागबाईंना मी एवढेच सांगेन, की चाल बरोबर बांधली आहे; उशिरा येणारा माणूस तेवढा दुसरा होता.

ता. क. चौथा. वानराचे मात्र मल्लम्मेलाही ठाऊक नव्हते. वाचल्यापासून ती हसते आहे, थांबत नाही. वानर (किंवा त्याचा कुणी वंशज) मंदिराच्या पिंपळावर अद्याप नांदतो आहे, काल सायंकाळी मी स्वतः पाहिले. चौथ्या दिवशी दोनला येणारच असाल, तर शक्यतो बाराच्या आतच यावे, आणि येताना हातात एक बरीशी काठी असू द्यावी.