घरातली गोष्ट पडद्यावर आल्याबाबत

प्रति,
मा. संकेतस्थळ विभाग प्रमुख,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : आमची खासगी तक्रार दर्शनी पडद्यावरून उतरवणे व संकेतस्थळ वापरायला सोपे करणे.
संदर्भ : नाव व तक्रार क्रमांक सोबतच्या बंद पाकिटात.

महोदय,

१. हा अर्ज हाताने लिहीत आहे, कारण आपल्या संकेतस्थळावर पुन्हा काही लिहिण्याची हिंमत होत नाही. मी बालवाडीची निवृत्त शिक्षिका. माझे यजमान शाळेत कवायत शिकवत. त्यांचे जुने विद्यार्थी आजही त्यांना रस्त्यात पाहून ताठ उभे राहतात.

२. यजमानांना झोपेत लघवीवर ताबा राहत नाही. डॉक्टरांना सांगायला ते तयार होईनात. म्हणून त्यांना न विचारता, त्यांच्याच नोंदणीवरून, 'आपला त्रास सविस्तर लिहा' या चौकटीत मी सगळे लिहिले. रबरी चादरीसुद्धा. डॉक्टरच वाचणार अशी माझी समजूत. खाली फिकट, मुंगीएवढ्या अक्षरांत 'दर्शनी पडद्यावर व संकेतस्थळावर सर्वांना दाखवावे' असे होते आणि त्यापुढे खूण आधीच केलेली होती, हे नंतर कळले.

३. दुसऱ्या दिवशी यजमान रक्तदाबाच्या गोळ्या आणायला आपल्या रुग्णालयात गेले. मोठ्या पडद्यावर त्यांचे नाव, त्याखाली माझी वाक्ये. रांगेत त्यांचे दोन विद्यार्थी होते. ते आपापल्या चपलांकडे बघत राहिले. यजमान गोळ्या न घेताच परतले. एवढेच म्हणाले, "लिहितेयस हे मला सांगायचंस तरी." त्यानंतर अबोला. ओरडले असते तर बरे वाटले असते.

४. मजकूर काढायला बसले, तर 'काढून टाका' असे बटण कुठेच नाही. 'दुरुस्ती'त जाऊन सगळे खोडले, तर 'किमान पन्नास अक्षरे आवश्यक' असे म्हणून जुना मजकूर परत आला. मग त्याखाली 'चूक झाली, कृपया काढावे' असे जोडले. त्यामुळे तक्रार 'ताजी' ठरून पडद्यावर सर्वांत वर गेली. शिवाय दर दुरुस्तीला परवानगीचा आकडा यजमानांच्या मोबाइलवर येई आणि तो मागायला मला त्यांच्यासमोर उभे राहावे लागे. ते न बोलता मोबाइल पुढे करत. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

५. तरी ती आधीच केलेली खूण काढावी. लिहिलेले कोण वाचणार, ते चौकटीच्या वर ठळक लिहावे. आणि एखाद्या वयस्कर माणसाला ते पान वापरायला बसवून, मध्ये न बोलता, नुसते बघावे.

६. अर्ज इथेच संपणार होता. पण काल आकडा देताना यजमान माझ्या शेजारी बसले, चष्मा लावून त्यांनी पान खालपर्यंत सरकवले. आमच्या तक्रारीखाली कुणा अनोळखी गृहस्थांनी लिहिले होते : "मलाही हेच होतं. बायकोला कळू नये म्हणून मी गॅलरीत खुर्चीवर झोपतो. डॉक्टर काय म्हणाले, सांगाल का?" यजमानांनी ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. ह्यांना कळवायला हवं."

७. म्हणून विषयात लिहिले आहे त्यात बदल करून विनंती, की नाव तेवढे काढावे, तक्रार राहू द्यावी. त्या गृहस्थांना उत्तर कुठून द्यायचे, तेही कळवावे. आम्ही दोघांनी मिळून शोधले. बटण सापडत नाही.

शरमिंदी, पण आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
अर्जदार
(सही पाकिटात)

दिनांक : पोचेच्या शिक्क्याप्रमाणे

सोबत : बंद पाकीट, त्या पानाचे मी हाताने काढलेले चित्र.