खाडीतली लढाई, आईला वाचून दाखवण्याजोगी

बंदरावरचा दवाखाना,
दि. ९ मार्च

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार. आई शेजारी कान टवकारून बसली असणारच, तिलाही नमस्कार. पत्र नेहमीसारखं मोठ्याने वाच, पण मास्तरीणबाईंच्या सुरात नको. तू वाचलंस की माझी पत्रं शुद्धलेखनाला बसल्यासारखी वाटतात, असं तुझे यजमानच म्हणतात.

आधी तब्येतीचं, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, त्यावर आता नवी गुलाबी कातडी आली आहे. बोटं सगळी शाबूत. जेवण बेताचं मिळतं, पण जहाजावर मी स्वतःच आचारी, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. शेजारच्या खाटेवरचा दांडगा गडी असा घोरतो म्हणे की वैतागून दोघांनी खाटा बदलून घेतल्या. मी मात्र खुशाल झोपतो. सगळे मला साधुपुरुष समजायला लागलेत.

आता लढाईचं. वर्तमानपत्रात तुम्ही वाचलंच असेल, पण बातमीदार काही आमच्या भटारखान्यात नव्हता. मागच्या सुट्टीत आपले पायदळवाले भाऊजी मला काय म्हणाले होते, आठवतं? "मेहुणेबुवा, युद्ध जमिनीवर होतं. तुम्ही पाण्यात पाव भिजवा." तेव्हा आईसुद्धा खो खो हसली होती. तर त्यांना माझा एक प्रश्न पोचव. तुमच्यासमोर शत्रूची फौज दोन वर्षं ठाण मांडून बसली, ती कशाच्या जोरावर? त्यांचं पीठ, तेल, दारूगोळा, अगदी बुटांच्या नाड्याही समुद्रावरून यायच्या. मागे डोंगर, पुढे तुम्ही. सगळा संसार चालायचा तो या एका चिंचोळ्या खाडीच्या भरवशावर.

आमचे आरमारप्रमुख हे ओळखून होते. महिनाभर त्यांनी आम्हाला नुसतं मागे मागे सरकवलं. बंदरात पोरंसोरं आम्हाला "पळपुटे" म्हणून चिडवायची आणि आम्ही मान खाली घालून भाजी घ्यायला जायचो. शत्रूला वाटलं, रान मोकळं झालं. त्याने मालाची जहाजं आणि सोबत सगळी लढाऊ गलबतं एकदम खाडीत घातली. सकाळी धुकं विरलं तेव्हा आम्ही तोंडाशी उभे होतो.

लढाईचा भोंगा झाला की आचाऱ्याने भट्टी विझवायची आणि तोफेला गोळे पुरवायचे, असा आमचा नियम. पाव नेमके अर्धे भाजलेले. त्यांच्यावर पाणी ओतताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! मग धावलो. खाडी एवढी अरुंद की त्यांच्या मोठ्या जहाजांना वळायला जागाच नाही. पहिलं आडवं झालं, दुसरं त्याच्या कुशीत घुसलं, आणि मालाची जहाजं मागे अडकून पडली. संध्याकाळी त्यांच्याकडे आरमार म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

आमचीही माणसं गेली. माझ्या हाताखाली कांदे चिरणारा "रडूबाई" गेला. रडत रडत विनोद सांगायचा.

काल भाऊजींचं पत्र आलं. लढाईनंतर समोरच्या तोफा आधी मंदावल्या, मग दिवसाकाठी एखादी वाजायची, आणि एके सकाळी पलीकडे पांढरं फडकं दिसलं. शरण आलेल्या पहिल्या शिपायाने हात वर करून काय विचारलं असेल? "पाव आहे का?" जेवायला बसलेल्याच्या घरची चूलच कोणी उचलून नेली, तर तो किती वेळ पाटावर बसून राहणार? भाऊजी लिहितात, "मेहुणेबुवा, हरलो. तुमचा भिजलेला पाव भारी पडला." तहाची बोलणी सुरू झाली आहेत. दोन वर्षं जे जमिनीवर सुटलं नाही, ते पाण्यावर एका दिवसात सुटलं. तुझा नवरा धडधाकट घरी येतोय, ताई. मला आणखी काय हवं?

विजयाची मिरवणूक परवा खिडकीखालून गेली. ढोलवाल्याचे हात झकास चालले होते.

ताई, इथे जरा थांब. आईला चहा टाकायला पाठव. गेली? आता मनात वाच.

मला ऐकू येत नाही. दिवसभर तोफेला चिकटून होतो, संध्याकाळपर्यंत दोन्ही कान गेले. डॉक्टर माझ्याशी पाटीवर बोलतात. अक्षर मोत्यासारखं आहे, पण बातमी वाईट: ऐकणं परत येणार नाही. लढाईत वाटली नाही एवढी भीती आता वाटते. पुढच्या आठवड्यात मला बोटीने घरी पाठवतायत. तू लिहून बोलशील, तुझं निभेल. आईला अक्षरओळख नाही, आणि तिची सगळी माया तिच्या तोंडाच्या पट्ट्यात. आम्ही दोघांनी बोलायचं कसं? मी येईपर्यंत तिला काही सांगू नकोस, असं लिहिणार होतो. पण तू आवाज चोरलास की तिला लगेच कळतं. आणि मी तिला ओळखत नाही का? चहाला उकळी यायच्या आधीच ती दारात येऊन उभी राहिली असेल.

बोलाव तिला. शेजारी बसव आणि मोठ्याने वाच. अडखळू नकोस.

आई, मला ऐकू येत नाही गं. दुखत नाही, आणि दोष कोणाचाच नाही. तुझा आवाज मला तोंडपाठ आहे, आणि नुसते ओठ हलले तरी तू कोणती शिवी दिलीस ते मी सांगेन. म्हणून बोलणं बंद करू नकोस, घर सुनं होईल. मी बोटीतून उतरेन तेव्हा तू धक्क्यावरून हाक मारशील आणि मी वळणार नाही. रडू नकोस. पोरगा परका झाला असं मनात आणू नकोस. गर्दीतून पुढे ये आणि माझ्या खांद्यावर हात ठेव.

लगेच वळणारा,
तुझा धाकटा