भातुकलीतलं गाठोडं

चि. श्यामकांत यास आईचे उदंड आशीर्वाद.

तुला आई आहे आणि ती कलकत्त्याला तुझ्या बहिणीकडे राहते, हे विसरला असशील म्हणून कळवते. बोलणं माझं, अक्षर आणि चुका तुझ्या भाचीच्या, लीनाच्या.

मी ठणठणीत आहे. नलिनी सियालदह स्टेशनजवळ, फाळणीत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या मुलांची बालवाडी चालवते आणि दुपारी घरोघर जाऊन आयांना भेटते. मीही जाते. मुलांना मी आपली पितळी भातुकली दिली. वाटलं, भात शिजवतील. त्यांनी सगळी भांडी फडक्यात बांधली आणि दाराकडे तोंड करून गप्प बसली. रोज हाच खेळ.

परवा बालवाडीतल्या मिनूच्या झोपडीत गेलो. तिची आईही जेवणं झाली की भांडी बांधून ठेवते. एवढीशी मिनू मला आजी म्हणून हाक मारत विचारते, "ठाकुमा, तुमचं गाठोडं कुठे आहे?" मला हसता आलं नाही. तेव्हापासून नलिनीच्या फळीवर मांडलेली भांडी दिसली की फडक्यात बांधून ठेवावीशी वाटतात.

तिकडे सगळे घरीच आहात ना?

आपल्या शेजारचा दिनकर कलकत्ता मेलने इकडे येतो आहे, त्याच्याबरोबर सूनबाईच्या पुरणपोळ्या पाठव. लाडू नकोत. संक्रांतीचे लाडू मिनूने वाटेत लागतील म्हणून ठेवून दिले. पोळ्या टिकत नाहीत म्हटल्यावर बसून खाईल तरी.

तुझी आई