अकरा मुद्दे आणि एक दोर

तीर्थरूप दादांच्या सेवेशी,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार लेखी समजावा. माझी खोली अंतराळातल्या या फिरत्या चाकाच्या आसाजवळ असल्याने येथे वजन नावापुरतेच असते. साष्टांग घालायला गेलो की आठांपैकी तीन अंगे जमिनीवर राहतात आणि उरलेली पाच आपापल्या मर्जीने वर येतात. भाव मात्र आठही अंगांचा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? गच्चीवरच्या टाकीला झाकण बसले, की तुम्ही अजून सुतारालाच झाकण कसे बसवावे ते शिकवत आहात? येथे सर्व क्षेम. हवा मापात मिळते, पाणी मागच्या आठवड्यात प्यालो तेच पुन्हा मिळते आणि शेजारचे पंपवाले रोज सकाळी त्याच तीन तक्रारी करतात, त्यामुळे घरापासून दूर आल्यासारखे वाटत नाही.

हे सारे बिनतारी यंत्रावरही सांगता आले असते. पण यंत्राची प्रकृती सध्या बरी नाही. आणि बरी असती तरी यंत्रावर तुम्ही मध्येच बोलता. पत्राला ती सोय नाही. पुरवठ्याच्या बोटीला खाली पोचायला अकरा दिवस लागतात, तेव्हा हे वाचेपर्यंत बातमी शिळी झालेली असेल. शिळी बातमी पचायला हलकी असते असा माझा अनुभव आहे.

विषय अर्थातच आपली भिंगरी. तुमची कन्या दोन वर्षांपूर्वी ‘सुट्टीपुरती काकाकडे’ म्हणून वर आली, ती सुट्टी अजून संपलेली नाही. आता तिला दूरच्या जहाजावर जायचे आहे, जे गेले की नऊ वर्षांनी परतते. त्या जहाजावर बाहेरच्या कामाचा परवाना असलेल्यांनाच घेतात, परवाना मिळाला की माणूस सज्ञान समजला जातो, आणि परवान्याची परीक्षा तीनदाच देता येते. हे तुमच्या कानी गेले तेव्हा तुम्ही मला जो आदेश पाठवलात तो मला पाठ आहे: “तिला नाही म्हणू नकोस, फक्त होऊ देऊ नकोस.” दादा, राजनीतीवरचे ग्रंथ मी मुळातून वाचले आहेत. इतके आटोपशीर सूत्र त्यांत कोठेही नाही.

आता मी एक गरीब सूचनालेखक. या चाकातल्या प्रत्येक दारावर, झडपेवर आणि नळावर जे काही लिहिले आहे ते माझे. परीक्षा अडवणे माझ्या हाती कसे, असे कोणी विचारील. तर ते अक्षरशः माझ्या हातीच होते, आणि त्यालाही कारण मीच. एकोणीस वर्षांपूर्वी येथे आलो तेव्हा मला बाहेरच्या कामाची नियमावली लिहायला दिली होती. मी एकतीस वर्षांचा होतो, म्हणजे सर्वज्ञ होतो. मी लिहिले की अठराच्या आतले आणि पन्नाशीला पोचलेले, या दोन्ही वयांत माणसाला आपले हित कळत नाही. म्हणून अशा उमेदवाराचा दोर रक्ताच्या नातेवाइकाने धरावा. नातेवाइकाने दोन दारांमधल्या खोलीत, बाहेरचा पोशाख चढवून, दोराचा आकडा आपल्या पट्ट्याला अडकवून उभे राहावे. अर्धा तास झाल्याची घंटा वाजली की त्याने तो आकडा आपल्या हाताने सोडवावा. मग उमेदवाराने दोर ओढून घ्यावा, गुंडाळून आपल्या कमरेला लावावा, आणि स्वतःचा आकडा कठड्यावर एकेक कडी पुढे सरकवत चाकाच्या पलीकडच्या दाराने आत यावे. नातेवाइकाने सोडले नाही, तर उमेदवार नापास. (हे शेवटचे वाक्य लिहिताना मला फार समाधान वाटले होते. नियमाला दात हवेत, असे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.)

येथे भिंगरीच्या रक्ताचा मी एकटा. तेव्हा तुमच्या आज्ञेचे पालन आणि तिचा दोर ही दोन्ही कामे एकाच पट्ट्याला लागली.

पहिल्या परीक्षेला मी तुम्ही पार्सलाने पाठवलेले अकरा मुद्दे बरोबर नेले. ती बाहेर, मी आत, मध्ये दोर, कानाला यंत्र. अर्धा तास तिला कोठे पळता येणार नव्हते. असा श्रोता मला शाळेत कधी लाभला नाही. मी संथपणे सुरुवात केली. पहिला मुद्दा, आईची प्रकृती. दुसरा, बापाची प्रकृती. तिसरा, आईबापांच्या प्रकृतीचा एकमेकांवर होणारा परिणाम. पाचव्या मुद्द्याला (‘नऊ वर्षांनी परत येशील तेव्हा तुझ्या मैत्रिणी कुठे पोचलेल्या असतील याचा विचार कर’) ती म्हणाली, “काका, त्या नळाच्या रांगेत पोचलेल्या असतील. तू बोल, मी ऐकतेय. फक्त दोर हलवू नकोस.” मला आपले वाटले की मुलगी विरघळते आहे. सातव्या मुद्द्याच्या मध्यावर एक अनोळखी आवाज आला, “अहो काका, हा सातवा परत सांगा. आमच्या चिरंजीवांना जसाच्या तसा लागू पडतोय.” ती बाहेरच्या कठड्यावर काम करणारी वेल्डरबाई होती. मी खाजगी बटणाऐवजी सामाईक बटण दाबले होते. त्या बटणावर ‘सामाईक’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. ती अक्षरे माझी आहेत. तुमची मते तेव्हा बाहेरच्या चौदा कामगारांनी, दोन स्वयंपाकघरांनी आणि दवाखान्याच्या रांगेने ऐकली. मी मात्र श्रोत्यांच्या विनंतीला मान देऊन सातवा मुद्दा पुन्हा सविस्तर घेतला. घंटा कधी वाजली ते मला कळले नाही. परीक्षकबाईंनी माझ्या हेल्मेटच्या काचेवर टकटक केले तेव्हा मी दहाव्यावर होतो. भिंगरी नापास.

ती आत आली, हेल्मेट काढले, आणि म्हणाली, “अकरावा राहिला ना रे?” एवढेच. तुम्हाला ‘काम फत्ते’ असे कळवले ते त्या संध्याकाळी.

पण दादा, अडवण्याचेही एक शास्त्र असते. एकदा अडवणे म्हणजे अपघात, दुसऱ्यांदा म्हणजे दुष्टपणा. मी दुष्ट नाही (तुम्ही लहानपणी अनेकदा तसे म्हणाला आहात, पण ते पतंगाच्या संदर्भात होते). दुसऱ्या परीक्षेला मी मुद्दे घरी ठेवले आणि सोडायचे असे ठरवून गेलो. होय, ठरवून. तुमची आज्ञा मोडायची असे ठरवून. घंटा वाजली. स्वच्छ ऐकू आली. मी आकड्यावर हात ठेवला आणि हात मिटला तो मिटलाच. काचेतून ती दिसत होती, कठड्याला धरून थांबलेली, पाठमोरी, माझ्या अंगठ्याएवढी. मी हाताला सांगितले, उघड. हाताने ऐकले नाही. परीक्षकबाईंनी बोटे एकेक करून सोडवायला घेतली. करंगळी तेवढी सुटली, आणि वेळ संपली. नोंदवहीत मी ‘सांधेदुखी’ असे कारण लिहिले. बाईंनी ते वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि सही केली. सुशिक्षित बाई आहे.

त्या दिवशी मात्र मी शिव्यांची वाट पाहत खोलीत बसलो होतो. भिंगरीने गरम पाण्याचे भांडे आणले, माझा हात त्यात धरला आणि विचारले, “बोटं दुखतात का तुझी?” मी म्हटले, हो. “मग पुढच्या वेळी डाव्या हाताने सोड.” मी म्हटले, डावाही याचाच भाऊ आहे. तेव्हा ती पाणी ढवळत म्हणाली, “काका, तू बाहेर किती वेळा गेलायस?”

तुम्हाला उत्तर ठाऊकच आहे, कारण शपथ तुम्हीच घातली होतीत. मी निघालो तेव्हा तुम्ही दारात उभे राहून म्हणाला होतात, “वर जायचं तर जा. पण बाहेर जायचं नाही.” एकोणीस वर्षे मी बाहेर कसे जावे याच्या सूचना लिहिल्या आणि एकदाही गेलो नाही. मी तिला ते सांगितले. ती हसेल असे वाटले होते. ती म्हणाली, “उद्या मी धरते.”

दादा, मी शपथ मोडली. येथे तुम्ही पत्र खाली ठेवून वहिनींना हाक माराल. तेवढे उरकून घ्यावे, मी थांबतो.

सरावासाठी वयाची अट नाही, सोबतीला एक परवानाधारक लागतो, वेल्डरबाई आल्या. बाहेर काय दिसले ते लिहीत नाही. मी शब्दांचा माणूस, पण तेथे मला सुचलेला एकमेव शब्द ‘अरे’ हा होता आणि तोही सामाईक बटणावरून. सांगायचे ते दोराविषयी. आत उभे असताना मला वाटे की दोर अगदी सैल धरला आहे. बाहेर गेल्यावर कळले की आतल्याने श्वास घेतला तरी बाहेरच्याच्या कमरेला तो जाणवतो. भिंगरीने दोर अगदी स्थिर धरला होता. तरी मी एक कडी पुढे सरकलो की कमरेला बारीकसा हिसका. पुन्हा सरकलो, पुन्हा हिसका. मग ध्यानात आले की पहिल्या परीक्षेत मी ते मुद्दे हातवारे करत वाचले होते. ती पोरगी अर्धा तास प्रत्येक मुद्द्याला मागे खेचली जात होती, आणि तरी “मी ऐकतेय” म्हणत होती.

तिसरी परीक्षा मंगळवारी झाली. घंटा वाजली. मी डाव्या हाताने आकडा सोडवला. फार सोपे असते हो. खटका दाबायचा, बस्स. दोराचे टोक जमिनीवरून सरपटत बाहेर गेले आणि दिसेनासे झाले. परीक्षकबाई म्हणाल्या, “आता मूठ उघडा, काका. तीत काही नाहीये.” मग मी चाकाला अर्धा वळसा घालून पलीकडच्या दाराकडे निघालो. वाटेत पंपवाले भेटले, स्वयंपाकीणबाई भेटल्या, सगळे एकच विचारत होते, “सोडलंत का?” पोचलो तर भिंगरी माझ्या आधीच आत येऊन, कमरेला दोराचे वेटोळे लावून, चहा पीत बसली होती. “किती उशीर,” म्हणाली.

तात्पर्य, तुमच्या आज्ञेतला पूर्वार्ध मी पूर्णपणे पाळला. तिला नाही म्हटले नाही.

थोरांस नमस्कार, लहान कोणी उरले नसल्याने आशीर्वाद शिल्लक ठेवतो.

तुमचा आज्ञाधारक
(निदान पूर्वार्धापुरता)
धाकटा

ता. क. – जहाज आज सकाळी सुटले. बिनतारी यंत्र ठणठणीत आहे, पूर्वीही होते. ते मी अकरा दिवसांपुरते आजारी पाडले, कारण तुम्ही बोलला असतात तर ती थांबली असती, आणि थांबवल्यावर काय करायचे हे तुमच्या मुद्द्यांत नव्हते. आता बोला. जहाज ऐकते. जाताना ती तेवढेच विचारून गेली की बाबा बोलतील ना.

ता. क. २ – अकरा मुद्द्यांचा मूळ कागद तिने नेला. अक्षर तुमचे आहे म्हणून. अकराव्याखाली (‘तू नसलीस तर घर मोठे वाटते’) तिने पेन्सिलीने रेघ मारली आहे. तो मी मोठ्याने कधी वाचलाच नव्हता. तो तिने स्वतःच वाचला. तसेच, त्याच पार्सलात तळाशी लोकरी मोज्यांचे नऊ जोड निघाले, प्रत्येकावर एकेका वर्षाचा आकडा शिवलेला. तेव्हा वहिनींना हाक मारली असेल तर आवाज खाली घ्यावा.

ता. क. ३ – मूळ कामाचे राहिलेच. बाहेरच्या परवान्यासाठी मीही अर्ज केला आहे. पन्नास पूर्ण असल्याने माझा दोर रक्ताच्या नातेवाइकाने धरावा लागतो (हा मूर्ख नियम कोणाचा ते वर आलेच आहे), आणि येथे होते तेवढे रक्त आज सकाळी निघून गेले. पुढची बोट महिनाअखेर वर येते. तुमच्या नावाची जागा धरून ठेवली आहे. येथे वजन नसल्याने गुडघ्याला त्रास होणार नाही. मुद्दे लिहून आणू नयेत. काम एवढेच की अर्धा तास धरायचे आणि घंटा वाजली की सोडायचे. पहिला भाग तुम्हाला येतोच. दुसरा मी शिकवीन, मला आता येतो.