रफूच्या तासाची खोली

मी खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा शिवणकाम आणि रफू, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना त्यांनी मला वार विचारला, तारीख विचारली आणि मग पिशवीतून पँट काढून चेन बदलून मिळेल का, तेही विचारलं. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायचंच असेल तर ते मी आणते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कलम १. चार वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते मी रागाच्या भरात केलं होतं. त्यात सगळं धाकट्या मुलीला दिलं होतं आणि थोरल्या मुलाला काहीच नाही. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, कारण लिहायची गरज नसते." मी म्हटलं, "तुम्हाला नसेल. मला आहे."

कलम २. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्या आणि बँकेतली शिल्लक दोघा मुलांना निम्मी निम्मी. गच्चीवरची झाडं आणि ओल्या कचऱ्याचं पिंप मात्र धाकटीचं. लहानपणी ती गांडूळ दिसलं की किंचाळत सुटायची. आता नोकरीच्या रुग्णालयातल्या सगळ्या नर्सना खत कसं करायचं ते शिकवते आणि वर मलाच ऐकवते, "आई, लिंबाची सालं जास्त झालीत." मला याचा फार अभिमान आहे. पण कपडे धुतलेलं पाणी झाडांना घालताना आधी साबण कोणता ते बघत जा गं बाई. गेल्या वेळी टोमॅटोची सहा रोपं मारलीस.

कलम ३. शाळेच्या गणवेशाच्या कंत्राटदाराला एक बरणी बटणं. त्याच्याच शर्टांची आहेत, पहिल्या महिन्यात गळून पडलेली, मी वेचून ठेवलेली. "पँटला खाली चार बोटं दुमड ठेवा, पोर वाढलं की उसवून लांब करता येते," असं मी त्याला किती वर्षं सांगत होते. तो म्हणायचा, "वाढलं की नवी घेतील, तुमचं काय जातं?" माझं काय जातं! धडधाकट कापड कचऱ्यात जातं, ते कोणाचं जातं मग? बरणी त्याच्या टेबलावर झाकण काढून ठेवावी.

कलम ४. आता तळमजल्यावरची, शाळेच्या फाटकासमोरची खोली, म्हणजे माझं दुकान. धाकटीच्या नावावर केली तरी मी गेल्यावर ती चालवणार कोण, या विचाराने मला चार वर्षं झोप नव्हती. त्यासाठी मागचं सांगावं लागेल.

थोरला तिसरीत असताना मैदानावर पडून पँटचा गुडघा फाडून आला. पँट बाकी ठणठणीत होती. मी रात्री तिथे लाल कापडाचा आगीचा बंब शिवला, चाकं आणि शिडीसकट. मला वाटलं, पोरगं नाचेल. वर्गाने त्याचं नाव 'ठिगळ' ठेवलं. घरी येऊन त्याने पँट पिंपात कोंबली. इथे माझंच चुकलं. मी त्याला विचारलं नव्हतं.

गंमत अशी की त्याच आठवड्यात त्याच्याच वर्गातली पाच पोरं चांगल्या पँटींचे गुडघे कात्रीने कापून माझ्या दारात हजर. एकाला विमान हवं, एकाला बेडूक. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून झापलं, "तुमच्यामुळे मुलं कपडे फाडताहेत." मी म्हटलं, "मग शिवायलाही मीच शिकवते. शनिवारी एक तास मुलांना समोर माझ्या दुकानात पाठवा." त्यांनी वैतागून तास दिला. मी महिन्याभरात कंटाळेन अशी त्यांची खात्री होती. तो रफूचा तास तीस वर्षं चालू आहे. बटण, काज, कॉलर उलटवणं, दुमड सोडणं, सगळं पोरं शिकली आणि मोठी होऊन स्वतःची पोरं घेऊन आली.

आला नाही तो एकटा थोरला. दुकानातून न येता मागच्या जिन्याने वर यायचा. चार वर्षांपूर्वी नात शाळेत जाऊ लागली, तर याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले तीन नवे गणवेश आणले आणि मला म्हणाला, "आई, हिला कोणी ठिगळ म्हणायला नको." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकिलाकडे.

यंदा शाळेच्या नव्या मंडळाने ठरवलं, तास बंद, दरवर्षी नवा गणवेश, रफू केलेला चालणार नाही. पालकांची सभा लागली. मी बोलायला उठले आणि तीस वर्षांचा हिशेब सांगू लागले. अध्यक्ष म्हणाले, "आजी, थोडक्यात." तेवढ्यात मागून आवाज आला.

"मला या शाळेत ठिगळ म्हणायचे. मला लाज वाटायची. परवा माझ्या मुलीने फाटलेली बाही स्वतः शिवली आणि गल्लीभर दाखवत फिरली. मी ओरडणार, तेवढ्यात ती म्हणाली, बाबा, तुम्हाला येतं का? मला येत नाही. घर रफूवाल्या बाईचं आणि मला साधा टाका येत नाही! तो तास राहू द्या. मला शिकायचंय."

हात वर झाले. विरोधात तीन, त्यातला एक कंत्राटदाराचा मेहुणा. मी भर सभेत रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. जिंकलो आम्ही!

पहिल्या शनिवारी आठ वर्षांच्या पोरींच्या घोळक्यात बसून सुईत दोरा ओवायला त्याला वीस मिनिटं लागली. पाच महिन्यांनी मला खोकल्याने धरलं तेव्हा बावीस मुलांचा तास त्याने एकट्याने घेतला. मी जिन्यात बसून ऐकत होते. माझी आठवणसुद्धा कोणी काढली नाही. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

कलम ५. म्हणून खोली, शिवणयंत्र आणि कात्र्या थोरल्याला, असं मी लिहायला सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, "मृत्युपत्र तुमच्या पश्चात लागू होतं. हयातीत द्यायचं तर बक्षीसपत्र करावं लागेल." मग करा की! त्याने शिकवण्यासाठी माझ्या मरणाची वाट का बघावी? बक्षीसपत्राची नोंदणी गेल्या सोमवारी झाली. त्यामुळे या मृत्युपत्रात ती खोली नाही. ती आता माझी नाही. शनिवारी मी तिथे बसते ती थोरल्याच्या परवानगीने. काल त्याने माझी शिवण उजेडाकडे धरली, म्हणाला, "आई, हा टाका सैल आहे, उसव." चष्मा लावून बघितलं. खरंच सैल होता. उसवला.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी दोनदा मध्येच थांबवून दुरुस्त करवलं, आणि आता सही करते.

सही: रफूवाल्या बाई
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: शेजारचे चप्पलदुरुस्तीवाले (सही)
स्थळ: थोरल्याचं दुकान
दिनांक: सात जुलै, रविवार