हाताला बसणारा, लगेच ऐकणारा कंट्रोलर

काजिमाची,
६ ऑक्टोबर

चि. मिचिओ यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र लिहायला तुझे भाऊजी कारण झाले आहेत. गेल्या मंगळवारी त्यांनी वस्तीच्या सभागृहात चाळीस माणसांसमोर शब्द दिला. हाताला नीट बसणारा आणि दाबताक्षणी ऐकणारा बिनतारी कंट्रोलर मिळाला, आणि तरीही पडद्यावरच्या गाडीने काही ठोकले, तर आपला वाहन परवाना पोलीस ठाण्यात नेऊन परत करीन, असे ते म्हणाले. तो कंट्रोलर मला तुझ्याकडून हवा आहे. तीस वर्षे कारखान्यात बसून तू बटणांखालच्या स्प्रिंगा तपासल्यास. त्याचा घरच्यांना एकदा तरी उपयोग होऊ दे.

झाले असे, की ऑगस्टमध्ये ह्यांनी वस्तीचा सूचनाफलक पाडला. त्या फलकावर वृद्ध चालकांनी सावकाश जावे असे पोलिसांचे चित्र लावलेले होते. फलक रस्त्याच्या बाजूला सरकला आहे असे ह्यांचे म्हणणे पडले. मी टेप घेऊन मोजले. फलक होता तिथेच होता. छत्तीस वर्षे नगराची बस एक ओरखडा न काढता चालवल्याचे प्रशस्तिपत्र देवघराशेजारी टांगलेले आहे, आणि कोणी काही बोलले की हे नुसते तिकडे बोट दाखवतात. तुझी भाची मिसातो सेंदाईहून रोज फोन करते. बाबांनी शाळेच्या वाटेवर एखादे पोर चिरडल्यावर परवाना परत करून काय उपयोग, असे तिने परवा स्पष्ट विचारले. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि मुळ्याच्या वाफ्याला पाणी घालायला गेले.

सभागृहात नगरपालिकेने म्हाताऱ्यांची डोकी ताजी राहावीत म्हणून गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आणून ठेवला आहे. सारा उन्हाळा हे त्यात पहिले येत होते. म्हणून मंगळवारी मिसातोच्या सांगण्यावरून नगरपालिकेच्या नर्सने शर्यत काढून गावातला रस्ता लावला. ह्यांनी दुसऱ्याच वळणावर मालट्रक टोफूच्या दुकानात घातला. मग कंट्रोलर खाली ठेवून शांतपणे म्हणाले, की ह्यातून ब्रेक टपालाने जातो. सगळ्यांनी माना हलवल्या. हे दहा वर्षे वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे ह्यांनी काहीही म्हटले तरी माना हलतातच.

तेव्हा उशीर लावू नकोस. गळ्याला मफलर गुंडाळत जा. माया आहे, ती दर वेळी लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझी ताई,
फुमिए

ओसाका,
११ ऑक्टोबर

ती. ताईस मिचिओचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तुझी भावजय नोबुको आणि मी दोघंही हसलो. दाबताक्षणी ऐकणारी वस्तू भाऊजींना आता बाजारातून आणावी लागते याचं आम्हाला वाईट वाटलं. लग्नानंतर पन्नास वर्षं ती वस्तू तुझ्या घरात तेच होते.

तीन कंट्रोलर पाठवले आहेत. ओळखायला लाल, निळा आणि पिवळा दोरा बांधलाय. नावं आणि किमती मी खरवडून काढल्यात, कारण किंमत कळली की माणसाच्या तळहाताला महागडा कंट्रोलर जास्त मऊ लागतो. तीस वर्षांत मी एवढंच शिकलो. भाऊजींचे हात बसच्या चाकावर घडलेले, म्हणजे मुठी जाड असलेला चांगला. बोटं न ताणता दोन्ही अंगठे मधे पोचले पाहिजेत, आणि अर्ध्या तासाने मनगट दुखलं तर तो हातातून काढून घ्यायचा, मग तो दिसायला कितीही छान असो. मागच्या दांड्या, म्हणजे ब्रेक आणि वेग, फार कडक नकोत. फार सैलही नकोत, नाहीतर शिंक आली तरी ब्रेक लागतो.

आता उशिराबद्दल. बिनतारी असला तरी चांगल्या कंट्रोलरचा निरोप डोळ्याला कळणार नाही इतक्यात पोचतो. बहुतेक वेळा सुस्ती टीव्हीची असते. सभागृहातला टीव्ही चित्र सुंदर करत बसत असणार. त्याच्या मेनूत खेळासाठीची वेगळी सोय असते, ती चालू कर. मग बघ, निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी मिटवायला माझ्याकडे स्प्रिंग नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ वाढला नाही तरी चालेल, कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मिचिओ

काजिमाची,
२४ ऑक्टोबर

चि. मिचिओ यास आशीर्वाद.

वि. वि. कंट्रोलर पोचले. टीव्हीची ती सोय मी त्याच दिवशी चालू केली. ती कुठल्या कोपऱ्यात आहे हे नगरपालिकेच्या माणसालाही ठाऊक नव्हते.

तीन वस्तूंतून एक निवडायची म्हणजे हाताळायची आणि निवडायची, अशी माझी भाबडी समजूत होती. मंडळाने कंट्रोलर निवड समिती नेमली. तीत सात जण आहेत. पहिल्या बैठकीत समितीचे नाव ठरले. दुसरीत पहिलीचे इतिवृत्त मंजूर झाले. तिसरीत असे ठरले, की कोणाचे मन दुखावू नये म्हणून तिन्ही कंट्रोलर टोपलीत घालून फिरत्या सूचनावहीबरोबर घरोघर पाठवावेत, प्रत्येक घराने हाताळावेत, अभिप्राय लिहावा, शिक्का मारावा आणि टोपली पुढच्या दारी द्यावी. कचऱ्याचे वार बदलले तरी आमच्याकडे ही वही फिरते, तेव्हा मी आक्षेप घेतला नाही. मला चिटणीस केले.

तेवीस घरांतून टोपली सात दिवसांत परत आली. तेवीस शिक्के होते. बावीस घरांचा अभिप्राय एकच होता: तिन्ही उत्तम आहेत, घेतलेल्या श्रमांबद्दल ऋणी आहोत. पाच घरांनी टोपलीत बागेतली पर्सिमन फळे ठेवली होती. दोन कंट्रोलरांवरचा कारखान्याचा प्लास्टिकचा पापुद्रा अजून निघालेलाही नव्हता.

तेविसावे घर कुवाबारा आजींचे. त्या शहाऐंशी वर्षांच्या आहेत, आणि आता कोणाचे मन राखायला आपल्याला वेळ नाही असे त्या उघड सांगतात. त्यांनी लिहिले, की लाल जड आहे, पिवळा अर्धवट खाल्लेल्या भाताच्या गोळ्यासारखा हातात बसतो, निळा चांगला. खाली आणखी एक ओळ होती. तारुमि अध्यक्षांना (म्हणजे ह्यांना) शर्यतीत सगळे मुद्दाम पुढे जाऊ देतात, मी देत नाही, म्हणून ते माझ्याशी खेळत नाहीत.

मी तडक लोखंडी सामानवाले मिनागावा यांच्याकडे गेले. ते आधी चहा घ्या म्हणाले. मी उभ्यानेच विचारले. तसे कोणी ठरवले नव्हते, पण माजी अध्यक्षांच्या पुढे गाडी काढणे बरे दिसले नसते, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मनाने ब्रेक दाबला, असे त्यांनी जमिनीकडे पाहत कबूल केले. म्हणजे हे सारा उन्हाळा पहिले येत होते ते असे. आणि त्याच जिंकण्याच्या भरवशावर हे रोज खरी गाडी बाहेर काढत होते. मी मिनागावांना सांगितले, की तुमची सभ्यता एक दिवस माणूस मारेल. त्यांनी वाकून माझे आभार मानले. अशा माणसांशी भांडायचे तरी कसे?

ह्यांना मी ते सगळे सांगितले. हे तिन्ही कंट्रोलर पुन्हा हातात घेऊन पाहू लागले. मग म्हणाले, की निळा हाताला बसतो, मनगट दुखत नाही, पण तोही किंचित उशिरा ऐकतो. शब्दातून सुटायची वाट शोधत आहेत हे मला दिसते, पण ती वाट बंद कशी करायची ते दिसत नाही. उशीर कंट्रोलरचा की माणसाचा, हे वादाने नाही, मोजून सिद्ध कसे करतात ते कळव. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले आहे, तेव्हा सोपे करून लिहू नकोस.

नोबुकोस माझी आठवण सांग.

तुझी,
फुमिए

ओसाका,
२९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आता चेष्टा नाही. आम्ही कारखान्यात करायचो तसं कर.

फोनच्या कॅमेऱ्यात सावकाश चित्रण करायची सोय असते. फोन अशा जागी उभा कर की पडदा आणि भाऊजींचं ब्रेकवरचं बोट दोन्ही एका चौकटीत दिसतील. खेळात गावातला रस्ता लाव, जिथे मधेच चेंडू गडगडत येतो. मग चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत दोन गोष्टी मोज. चेंडू दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा वेळ माणसाचा. बोट हलल्यापासून पडद्यावर ब्रेकचा लाल दिवा लागेपर्यंतचा वेळ यंत्राचा. दहा वेळा कर. तुझ्यासमोर आकडे आले की भाऊजींनाही वाद घालता येणार नाही.

एक अट मात्र पाळ. एकाच हाताचं माप आम्ही कधी ग्राह्य धरत नव्हतो. शेजारी दुसरा हात हवाच, त्याच कंट्रोलरवर, त्याच रस्त्यावर. तो तुझा धर. तू घरातच आहेस, आणि तुझ्या हातावर भाऊजी संशय घेणार नाहीत.

आणि ताई, आकडे सांगताना जरा हळू सांग. एकदा शिकवणी घेताना पोरांसमोर तू मला गणितात नापास केलं होतंस, ते मी साठ वर्षं विसरलेलो नाही.

आशीर्वाद असू दे.

मिचिओ

काजिमाची,
९ नोव्हेंबर

चि. मिचिओ यास आशीर्वाद.

वि. वि. तू सांगितल्याप्रमाणे मोजले. निळा कंट्रोलर, दहा वेळा. यंत्राचा उशीर एका सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी, दहाही वेळा. ह्यांचा सरासरी एक सेकंद आणि तीन दशांश. दहापैकी सहा वेळा चेंडू गाडीखाली गेला. हे माझ्या शेजारी बसून प्रत्येक फ्रेम स्वतः पाहत होते. कंट्रोलरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

मग तुझ्या अटीप्रमाणे मी खेळले.

माझा एक सेकंद आणि सहा दशांश आला. आठ वेळा चेंडू गाडीखाली.

जे घडले ते जसेच्या तसे लिहिते. माझ्या तोंडून पहिले वाक्य असे निघाले, की निळा माझ्या हाताला मोठा पडतो. हे उठले आणि पिवळा घेऊन आले. पिवळ्यावरही एक सेकंद सहा दशांशच आला. लाल मी मागितला नाही.

मिसातोला मी गेला महिनाभर सांगत होते, की बाबांनी परवाना परत दिला तरी गाडी मी चालवीन. दर गुरुवारी दवाखान्यात ह्यांना मीच नेते. सूचनाफलकाजवळून जाताना मी मुद्दाम वेग कमी करते आणि ह्यांना ते दाखवते. आजवर मी काही ठोकलेले नाही, कारण माझ्या गाडीपुढे अजून चेंडू आलेला नाही. त्यापलीकडे मला दुसरे काही सिद्ध करता येत नाही.

हे हसतील असे मला वाटले होते. हसले नाहीत. फक्त म्हणाले, "मग आता आपल्याला नेणार कोण?"

मी बसचे वेळापत्रक काढले. इथे बस दिवसातून चार वेळा येते, आणि शेवटची साडेपाचला. ह्यांनी ती चालवली तेव्हा अकरा वेळा यायची.

फुमिए

ओसाका,
१३ नोव्हेंबर

ती. ताई आणि भाऊजी यांस सा. न.

गणितातलं नापास होणं मी आजपासून विसरलो. पुढच्या महिन्यात नोबुको आणि मी चार दिवस तिकडे येतो. स्टेशनवर घ्यायला कोणी येऊ नका, आम्ही बसने येऊ.

मिचिओ

काजिमाची,
२० नोव्हेंबर

चि. मिचिओ यास आशीर्वाद.

वि. वि. काल काम उरकले. पोलीस ठाण्यापर्यंत शेवटची गाडी चालवतो असे हे म्हणाले. मी नाही म्हटले. मिनागावा गेल्या वर्षी परवाना परत करायला स्वतः गाडी घेऊन गेले होते, आणि मग ती परत आणायला आम्हाला माणूस शोधावा लागला होता. आम्ही दहाच्या बसने गेलो. हे चालकाच्या मागच्याच बाकावर बसले आणि प्रत्येक थांब्यावर ह्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. उतरताना ह्यांनी त्या तरुण चालकाला सांगितले, की पुलाअलीकडचे वळण तुम्ही चांगले घेतलेत. तो बिचारा उठून उभा राहिला.

ठाण्यातल्या मुलीने विचारले, की दोघांचे एकदम कसे काय. मी सांगितले, की आमचे मोजून झाले आहे.

येताना बस चुकली. दीड तास थांब्यावर बसलो. ह्यांनी मला कोणकोणत्या थांब्यांची नावे बदलली ते सांगितले. मला त्यातले एकही ठाऊक नव्हते.

मिसातो शनिवारी येऊन गाडी घेऊन जाईल. ह्यापुढे आमच्यात वाद नकोत म्हणून काय काय दिले ते लिहून ठेवते. एक प्रत तुझ्याकडे असू दे.

पोलीस ठाण्यात: तारुमि शिगेनोबु यांचा वाहन परवाना, एक. तारुमि फुमिए यांचा वाहन परवाना, एक. बदल्यात इतकी वर्षे वाहन चालवल्याचे दाखले मिळाले, दोन.

सभागृहात: निळा कंट्रोलर, एक. शर्यतीत कोणी कोणासाठी ब्रेक दाबू नये, अशी चिटणिसाच्या सहीची सूचना, एक.

कुवाबारा आजींना: पिवळा कंट्रोलर, त्यांना तो आवडत नसतानाही, घरी सरावासाठी, एक.

तुला परत: लाल, एक.

मिसातोसाठी पाकिटात: गाडीच्या नेहमीच्या किल्ल्या, दोन. ह्यांनी कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलेली आणि काल जेवणानंतर स्वतःहून काढून दिलेली, एक. माझ्या शिवणाच्या डब्यात होती ती, एक.

फुमिए