मत आईचं होतं

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

"माले कोन इचारस?" लंगडत चहा आणून वैशालीची आई एवढंच बोलली आणि तिथंच सगळं फिरलं. सरकारनं सगळ्यांवर मोफत उपचार करावेत का, या पाहणीचं काम मी करतो; त्या घरातून मत आईचं घ्यायचं, असं माझ्या मोबाईलवर आलं होतं. मी विचारलं नानांना, वैशालीच्या वडिलांना. वैशालीला मागणी घालायचीय, पोरीचा बाप खूश राहावा म्हणून? हो, म्हणूनच. नाना मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आम्हले काय गरज शे? 'नको' लिखी ले." वैशाली माझ्याकडे बघतच राहिली.

घरी आल्यावर पाहणीचे साहेब फोनवर म्हणाले, "बापाचं तेच आईच्या नावावर पाठव रे." कॉलेज सोडलं तसं हे कामही सोडीन, पण ते पाठवणार नाही. नाना बिथरले तर वैशाली हातची जाईल. जाऊ दे... नाही, जाऊ नये. पण "माले कोन इचारस?" मी विचारणार, आईलाच, नानांच्या समोर. गाडीची किल्ली घेतली. निघालो, दार ओढून.